पडत्या वर्षाचं बियाणं

बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला चांगली वर्षं आठवायला सांगितली, तर तो जरा थांबतो. वाईट वर्षं मात्र त्याला तोंडपाठ असतात. बहात्तर. २०१२. २०१४ आणि त्याला लागूनच २०१५. मग २०१८. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं कागद सांगतो, पण सरासरीवर कुणाचं घर चालत नाही. घर तगतं की मोडतं ते पडत्या वर्षी ठरतं. त्या वर्षी रानातून किती पोती घरी आली आणि जी आली नाहीत त्यांच्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं, यावर पुढची चार वर्षं बेतलेली असतात.

बियाण्यांच्या जाहिराती मात्र चांगल्या वर्षाच्या असतात. एकरी विक्रमी उतारा, शेंगांनी लगडलेलं झाड, शेजारी हसरा शेतकरी. या प्रकरणात आपण वेगळ्या बियाण्यांकडे पाहणार आहोत. ही बियाणी विक्रमासाठी निवडलेली नाहीत, काहीतरी सोसण्यासाठी निवडलेली आहेत. कोकणात खारं पाणी सोसणारा भात, ओडिशात पुराखाली तग धरणारा भात, आणि मराठवाड्यात मर रोगाला दाद न देणारी, ओल संपायच्या आत पदरात पडणारी तूर. अशा वाणांनी शेतकऱ्याच्या संसाराचा हिशेब नेमका कुठे बदलतो आणि कुठे बदलत नाही, हे बीडच्या तुरीवरून फार स्पष्ट दिसतं.

खारेपाट आणि बालाघाट

१९७२ हे महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचं वर्ष आहे. त्याच वर्षी राज्यात दोन कृषी विद्यापीठं सुरू झाली, एक दापोलीला आणि एक परभणीला. एकाच्या वाट्याला समुद्रकाठ आला, दुसऱ्याच्या वाट्याला पर्जन्यछायेतलं पठार.

रायगडच्या खारेपाटात, म्हणजे अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात, शेत आणि खाडी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध असतो. भरतीच्या जोराने बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. पावसाळ्यात धो धो पाऊस मीठ धुऊन नेतो, म्हणून तेवढ्या चार महिन्यांत भाताचं एक पीक निघतं. उन्हाळ्यात खालचं मीठ ओलाव्याबरोबर वर चढतं आणि जमिनीवर पांढरा थर येतो. अशा जमिनीत इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ‘राता’ जातीचे तांबड्या दाण्याचे भात पेरत आले. उतारा बेताचा, पण खाऱ्या वर्षीही काहीतरी हाती लागायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने यातल्याच भुऱ्या रात्याचा फिलिपाइन्समध्ये तयार झालेल्या आयआर-८ या भाताशी संकर केला आणि १९८०च्या दशकात पनवेल-१, पनवेल-२ हे वाण दिले. सोसण्याचा गुण जुन्या बियाण्याचा, उताऱ्याचा गुण नव्याचा.

बीडमध्ये समुद्र नाही. तरीही वनस्पतीच्या बाजूने पाहिलं तर खारेपाटातली आणि इथल्या बालाघाट डोंगराच्या उतारावरची अडचण एकाच कुळातली आहे. जमिनीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळांना ते पाणी ओढता येत नाही. चिखलात उभं असलेलं रोपही तहानेने सुकतं. बालाघाटाच्या मुरमाड रानात पाणीच उरत नाही आणि रोप तसंच सुकतं. भाताच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हे मोजलेलं आहे. जमिनीचा क्षारपणा ठरावीक मापाच्या, म्हणजे मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या, पुढे गेला की दर एका मापामागे उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. कोरडवाहू तुरीसाठी असं एकच सरळ सूत्र मांडता येत नाही, कारण तिथे ओल कधी संपते याला ती किती होती याइतकंच महत्त्व असतं.

उभ्या पिकाची मर

तूर हे मुळात काटक पीक. मूळ खोल जातं, सोयाबीन माना टाकतं तेव्हाही तूर हिरवी दिसते. पानगळ रानात पडून जमीन सुधारते, मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, शेंगा झोडपल्यावर उरलेल्या तुराट्या चुलीला आणि कुडाला लागतात, गुळी जनावरांना जाते. मग अडतं कुठे?

पहिलं अडतं ते मर रोगापाशी. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी जमिनीत राहते, मुळांतून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. रानात ओल असूनही झाड पिवळं पडून वाळतं. खोडावर बुंध्यापासून वर जाणारा जांभळट काळसर पट्टा दिसतो आणि खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा सापडतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये या नुकसानीचा हिशेब मांडला. शेंगा लागण्याआधी मर आली तर त्या झाडापासून काहीच मिळत नाही, शेंगा पक्व होताना आली तर सुमारे दोन तृतीयांश जातं, काढणीच्या तोंडावर आली तरी सुमारे तीस टक्के जातं. बुरशी जुन्या धसकटांवर कित्येक वर्षं तग धरते. त्यामुळे एकदा रान बाधलं की तिथे दरवर्षी तूर घेणं म्हणजे दरवर्षी तीच जोखीम पत्करणं. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेण्याची किंवा फेरपालट करण्याची जुनी पद्धत मर कमी ठेवते, हे नंतरच्या प्रयोगांनीही दाखवलं.

दुसरा शत्रू वांझ रोग. डोळ्यांना न दिसणारी एक कोळी जातीची कीड विषाणू पसरवते. झाड मरत नाही, उलट झुडपासारखं दाट वाढतं, पण त्याला फूलच येत नाही. दुरून हिरवंगार दिसणारं रान काढणीला रिकामं निघतं.

आणि तिसरी अडचण रोगाची नाही, काळाची आहे. जुने वाण सहा महिन्यांचे, काही त्याहून लांबणारे. जूनअखेर पेरलेली तूर नोव्हेंबरात फुलावर येते. भारी काळ्या रानात तोवर ओल असते. हलक्या रानात नसते. तिथे फुलं लागतात आणि गळतात.

बदनापूरचं काम

जालना जिल्ह्यातल्या बदनापूरला परभणीच्या विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. मराठवाड्यातल्या तुरीची गेल्या काही दशकांतली गोष्ट बरीचशी इथे घडली. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा वाण इथलाच. भारी जमिनीत, सहा महिने द्यायची तयारी असेल तर तो भरवशाचा ठरला. पुढे पांढऱ्या दाण्याचा बीएसएमआर-८५३ आला, मग बीडीएन-७०८. २०१२ च्या सुमारास आलेला बीडीएन-७११ मात्र वेगळ्या विचाराने निवडलेला होता. तो साधारण १५० ते १५५ दिवसांत तयार होतो, ऑक्टोबरच्या आसपास फुलावर येतो, शेंगा जवळपास एकदमच पक्व होतात, आणि मध्यम ते हलक्या जमिनीला तो मानवतो. त्याने दुष्काळावर मात केली असं म्हणणं चूक ठरेल. तो दुष्काळाच्या आधी निघून जातो. जमिनीतली ओल तुटते तेव्हा त्याचे दाणे भरत आलेले असतात.

या निवडीला किंमतही आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस जोरात झाला तर नेमक्या फुलोऱ्यात असलेला लवकरचा वाण मार खातो, आणि उशिराचा वाण त्यातून सुटतो. उलट डिसेंबरातली ढगाळ हवा, धुई आणि शेंगा पोखरणारी अळी उशिराच्या वाणाला जास्त छळतात. त्यामुळे जाणता शेतकरी सगळी तूर एकाच वाणाची करत नाही. भारी रानात लांब मुदतीचा, हलक्या रानात कमी मुदतीचा, अशी वाटणी करतो.

रोग सोसणाऱ्या तुरीचा आर्थिक परिणाम काय होतो, याचा नीट अभ्यास आपल्या शेजारी झाला आहे. उत्तर कर्नाटकात, कलबुर्गीच्या तूरपट्ट्यात, मर रोगाने शेतकरी तूर सोडायच्या बेताला आले होते. १९८६ मध्ये तिथे ‘मारुती’ हा मरप्रतिबंधक वाण आला. पुढच्या दशकात इक्रिसॅटच्या अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा त्या भागातलं निम्म्याहून अधिक तूरक्षेत्र या एका वाणाखाली गेलेलं होतं आणि संशोधनावर घातलेला पैसा कित्येक पटींनी शेतकऱ्यांकडे परत आला होता. हा मारुती महाराष्ट्रातल्याच एका गावठी तुरीतून निवडलेला. खारेपाटात राता, इथे गावठी तूर. जिथे त्रास जास्त तिथेच तो सोसणारं बी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतं. ते ज्यांनी राखलं त्या शेतकऱ्यांची नावं कुठल्याही प्रसारणपत्रावर नसतात. हे ऋण आपण मानायला हवं.

उतारा कोणत्या वर्षीचा?

आता हिशेब. समजण्यापुरते दोन वाण धरू. पहिला चांगल्या वर्षी एकरी ८ क्विंटल देतो आणि पडत्या वर्षी २. दुसरा चांगल्या वर्षी ७ आणि पडत्या वर्षी ४. पाच वर्षांत तीन चांगली आणि दोन पडती धरली, तर पहिल्याचे एकूण २८ क्विंटल होतात आणि दुसऱ्याचे २९. सरासरीत फरक जवळजवळ नाहीच. दुकानदार पहिल्याची शिफारस करील, कारण शेतकरी मेळाव्यात ८ हा आकडा दिसतो.

पण लागवडीचा आणि घरच्या किमान गरजेचा खर्च एकरी ३ क्विंटलइतका आहे असं धरा. पहिला वाण पेरणारा शेतकरी पाचातली दोन वर्षं एक क्विंटल तोट्यात असतो. ती तूट तो खासगी उसनवारीतून भरतो. शेकडा तीन रुपये महिना दर लावला तर वर्षाला ३६ टक्के व्याज होतं. पुढचं वर्ष चांगलं गेलं तरी त्यातला वाटा व्याजाला जातो. लागोपाठ दोन वर्षं पडली, जशी २०१४ आणि २०१५ मध्ये पडली, तर बैल, शेळ्या, डाग, मग जमिनीचा तुकडा अशी उतरण सुरू होते. दुसरा वाण पेरणारा पडत्या वर्षीही एक क्विंटल वर राहतो. त्याच्या चांगल्या वर्षाची कमाई त्याचीच राहते.

सोसणाऱ्या वाणाचं मोल इथे आहे. ते सरासरीत दिसत नाही, तळात दिसतं. म्हणून असा वाण पारखताना विचारायचा पहिला प्रश्न हा की सगळ्यात वाईट वर्षी तो किती देतो.

ओडिशातल्या पाच किलो बियाण्याचा धडा

याच्याही पुढचा एक परिणाम असतो आणि तो सहज लक्षात येत नाही. ओडिशातल्या पूरग्रस्त भागात ‘स्वर्णा’ हा भात लोकप्रिय होता, पण आठवडाभराहून जास्त पाण्याखाली राहिला की कुजायचा. ओडिशाच्याच एका जुन्या स्थानिक भातात पाण्याखाली तग धरण्याचा गुण होता. तो स्वर्णात आणून तयार झालेला ‘स्वर्णा-सब१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. पुढे अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने भद्रक भागात शेतकऱ्यांना त्याचं पाच-पाच किलो बियाणं चिठ्ठ्या टाकून वाटलं आणि ज्यांना मिळालं नाही त्यांच्याशी तुलना केली. शेत दहा दिवस पाण्याखाली राहिलं तेव्हा नव्या वाणाने जुन्यापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त भात दिला. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना याचा लाभ अधिक होण्यासारखा होता, कारण सखल, पुरात सापडणारी जमीन त्यांच्याच वाट्याला जास्त आलेली होती.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला पुढचा निष्कर्ष त्याहून मोलाचा. पूर न आलेल्या वर्षीही या शेतकऱ्यांचं वागणं बदललं होतं. ते खत जास्त घालू लागले, फेकपेरणीऐवजी लावणी करू लागले, भाताखालचं क्षेत्र वाढवू लागले, पेरणीसाठी कर्ज घ्यायला कचरेनासे झाले. संकटासाठी घरात दाबून ठेवायचं धान्य त्यांनी थोडं कमी केलं. पूर आला तरी सगळं जाणार नाही, एवढा भरवसा मिळाल्यावर त्यांनी शेतीत पैसा घालायला सुरुवात केली.

बीडच्या शेतकऱ्यावर ‘खर्चच करत नाही, फवारणी वेळेवर करत नाही’ अशी टीका सहज होते. पडत्या वर्षी सगळंच बुडणार असेल तर शेवटच्या फवारणीचे हजार रुपये राखून ठेवणं शहाणपणाचं असतं. तळ थोडा वर आला की तेच हजार रुपये रानात जातात. माणसाचा स्वभाव बदलावा लागत नाही, त्याच्या पायाखालची जमीन घट्ट करावी लागते.

बियाण्याचे पैसे कुठे जातात

तुरीच्या या वाणांची आणखी एक बाजू आहे. संकरित कपाशीचं बियाणं दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं. बदनापूरच्या तुरी सरळ वाणाच्या आहेत, म्हणून घरची तूर पुढच्या वर्षी बी म्हणून वापरता येते. एकरी बियाणंही थोडं लागतं. सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन अशी आंतरपेरणी असेल तर दोन-तीन किलोत काम भागतं. त्यामुळे वाणातून झालेला लाभ जवळजवळ सगळा शेतकऱ्याकडेच राहतो.

एक पथ्य मात्र आहे. तुरीच्या फुलावर मधमाश्या फार येतात आणि शेजारच्या रानातले परागकण आणतात. दर हंगामात काही बी भेसळीचं होत जातं. चार-पाच वर्षं तेच घरचं बी पेरलं तर मर सोसण्याचा गुण विरळ होत जातो, आणि मग ‘हा वाणही आता मरायला लागला’ अशी तक्रार येते. म्हणून दर तीन वर्षांनी शुद्ध बी आणणं हा खर्च नसून राखण आहे. परभणीच्या विद्यापीठात १८ मे या वर्धापनदिनी खरिपाचं बियाणं विकायला सुरुवात होते, तेव्हा मराठवाडाभरातून शेतकरी येतात. राज्याचं बियाणं महामंडळ महाबीज आहे, गेवराई तालुक्यात खामगावला आणि अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तरी सरळ वाणाच्या बियाण्यात कुणाला मोठा नफा नसल्यामुळे त्याची जाहिरात करत गावोगाव कुणी फिरत नाही. हे काम सरकारी यंत्रणेने आणि गावातल्या बीजोत्पादक गटांनीच करायचं आहे.

कोयता गेल्यावर राहिलेली तूर

बीडची शेती ऊसतोडीपासून वेगळी काढून बघता येत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. सोयाबीन, उडीद, मूग निघेपर्यंत ही माणसं गावात असतात. तूर मात्र ही माणसं गेल्यावर पिकते. ती काढायला, खळ्यावर आणायला, झोडपायला घरी उरलेले आईवडील, सासूसासरे आणि पोरं असतात.

म्हणून या घरांसाठी तुरीचा वाण निवडणं हा मनुष्यबळाचाही प्रश्न आहे. सगळ्या शेंगा एकदम पक्व होणारा वाण एका कापणीत आटोपतो, मळणीयंत्र एकदा बोलावून भागतं, म्हाताऱ्या माणसांना रानात दोन-दोनदा जावं लागत नाही. मर आली नाही तर फवारणीशिवायही काही पोती घरात येतात. उचल किती घ्यायची हे जोडपं जून-जुलैमध्ये ठरवतं तेव्हा घरातल्या शिल्लक धान्याचा आणि देण्याचा विचार असतोच. शिल्लक थोडी जास्त, देणं थोडं कमी, तर उचलही थोडी कमी. एका तुरीच्या वाणाने कोयता थांबणार नाही. त्यासाठी पाणी, जमीन आणि गावाजवळचा रोजगार लागतो. पण उचलीचा आकडा थोडा जरी खाली आला तर त्या घराच्या हाती मुकादमाशी बोलण्याचं बळ येतं, आणि ते बळ मोलाचं आहे.

मोंढ्यातला तळ

आता या गोष्टीचा कडू भाग. रानातला तळ वर आला म्हणजे घरातला तळ वर येईलच असं नाही, कारण मध्ये मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार आहे.

२०१५ मध्ये सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. देशात तुरीचं उत्पादन २५ लाख टनांच्या आसपास राहिलं आणि ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. ज्याच्या घरी तेव्हा थोडी जरी तूर होती त्याला चार पैसे मिळाले. पडत्या वर्षी उरलेला दाणा दोनदा मोलाचा असतो, एकदा घरासाठी आणि एकदा भावासाठी.

चढ्या भावाने सगळ्यांनी तूर पेरली. २०१६ मध्ये पाऊसही चांगला झाला. आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट, म्हणजे ४८ लाख टनांहून अधिक तूर देशात पिकली. मोंढ्यातला भाव बोनससह ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्या खाली गेला. नाफेडच्या खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, मापं थांबली. २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदी बंद झाली तेव्हा हजारो शेतकऱ्यांची तूर अजून केंद्रांच्या आवारात होती. नंतर राज्य सरकारला पदरच्या पैशातून ती घ्यावी लागली, आणि कित्येकांचे चुकारे रखडले. दरम्यान बाहेरून डाळ येत होती. २०१६ च्या जुलैमध्येच मोझांबिककडून तूर घेण्याचा करार झाला होता आणि तुरीच्या आयातीवरची मोठी बंधनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हंगाम उलटल्यावर, आली.

त्या वर्षी बियाण्याने आपलं काम चोख केलं होतं. शेतकऱ्यानेही केलं होतं. कमी पडली ती पुढची साखळी. पुरवठा वाढला की भाव पडणार, हे अर्थशास्त्राचं पहिलं पान आहे. म्हणूनच वाण सुधारण्याच्या कार्यक्रमासोबतच खरेदीची तयारी व्हायला हवी. बारदाना डिसेंबरात हवा, एप्रिलात नव्हे. लवकर येणाऱ्या वाणाची तूर डिसेंबरातच मोंढ्यात येते आणि सरकारी खरेदी बहुधा त्यानंतर सुरू होते. आपणच दिलेल्या वाणाच्या काढणीचा काळ खरेदीच्या वेळापत्रकात धरला गेला नाही, तर लवकर पिकवण्याचा लाभ आडत्याकडे जातो.

शेतकऱ्याच्या हातात एक साधन आहे, ते वापरलं मात्र कमी जातं. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळतं. तूर नीट वाळवली तर टिकते. जानेवारी-फेब्रुवारीच्या गर्दीत विकायच्या ऐवजी लातूरच्या डाळमिलींची मागणी वाढेपर्यंत थांबण्याची ताकद या योजनेने मिळते, पण त्यासाठी प्रत्येक तालुक्याला चालू गोदाम आणि काम करणारी समिती लागते.

कागदावरचा विमा आणि रानातला विमा

बीडचं नाव देशाच्या धोरणात आणखी एका कारणाने पोचलं. २०२० च्या खरिपात या जिल्ह्याचा पीकविमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात. तेव्हा सरकारी कृषी विमा कंपनीबरोबर जी व्यवस्था बसवली तिला ‘बीड पॅटर्न’ म्हणतात. जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढचा भार राज्याने घ्यायचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी रक्कम सरकारला परत करायची. २०२२ च्या खरिपापासून ही पद्धत राज्यभर लागू झाली.

विमा महसूल मंडळाच्या सरासरीवर आणि बँकेच्या खात्यातून येतो, तोही कित्येक महिन्यांनी. सोसणारा वाण त्याच हंगामात, त्याच रानात, धान्याच्या रूपाने भरपाई देतो आणि त्याला अर्ज लागत नाही. पण त्याचं संरक्षण एकाच बाजूचं असतं. मर सोसणारी तूर साचलेल्या पाण्यात टिकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांचं पाणी रानात शिरलं. अशा वेळी वाणाचं नाव काहीही असलं तरी उपयोग होत नाही, तिथे विमाच लागतो. कोकणातही तसंच. पनवेलचा भात बेताचा खारेपणा सोसतो, पण बांधाची खांड महिनाभर बुजवली नाही तर तोही जातो. एक बी सगळं सोसेल ही अपेक्षा शास्त्राकडून ठेवू नये, आणि त्या नावाखाली बांध, चर, विमा आणि खरेदी या कामांतून सरकारने अंग काढू नये.

मागायचं काय

या प्रकरणातून हाती येणारी गोष्ट साधी आहे. सोसणारं बियाणं गरीब शेतकऱ्याला श्रीमंत करत नाही, पण त्याचं घसरणं थांबवतं. आणि जो घसरत नाही तोच पुढे खर्च करण्याचं धाडस करतो. हे घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि बीडच्या शेतकऱ्याने त्या हक्काने मागाव्यात.

पहिली, वाणाची शिफारस करताना विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी सरासरी उताऱ्याशेजारी सगळ्यात वाईट वर्षाचा उतारा छापावा, तोही हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीचा वेगवेगळा. मेळाव्यातल्या फलकावर हे तीन आकडे दिसू लागले तर बियाण्याची निवडच बदलेल. दुसरी, शुद्ध सरळ वाणाचं बी तालुक्याच्या ठिकाणी पेरणीआधी मिळावं. गावातल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी बीजोत्पादन केलं तर दर तीन वर्षांनी बदलायचं बी गावातच मिळतं. तिसरी, खरेदी केंद्र, बारदाना आणि गोदाम यांची तयारी त्या भागातल्या वाणाच्या काढणीच्या तारखेशी जुळवावी.

यातली पहिली मागणी पूर्ण करायला जवळजवळ पैसाही लागत नाही, कारण चाचण्यांचे आकडे नोंदवह्यांत असतातच. ते शेतकऱ्यासमोर मांडायचे आहेत. पेरणीच्या दिवशी तो एक निर्णय घेतो आणि वर्षभर त्याची फळं भोगतो. तो निर्णय घेताना पडत्या वर्षाचा खरा आकडा त्याच्या हातात असणं हा त्याचा अधिकार आहे.